मुलांच्या हातात मॉर्फिनचं बटण? (ऑपरेशननंतरचं दुखणं आणि पीसीए पंप)

कोथरूडची_आई

मंडळी, लेकीचं (वय १२, वजन ३४ किलो) स्कोलिओसिसचं (पाठीचा कणा बाजूला वाकतो त्याचं) ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. रॉड, स्क्रू, टाके हे सगळं सर्जननी एक्सरे समोर धरून नीट समजावलं, त्याबद्दल शंका नाही. काल भूलतज्ज्ञांना भेटलो. त्या म्हणाल्या, "पहिले दोन-तीन दिवस बरंच दुखेल. आपण पीसीए (पेशंट-कंट्रोल्ड अॅनाल्जेसिया) पंप लावू. दुखलं की तिनं बटण दाबायचं, मॉर्फिन जाईल." एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या आणि आम्ही नवरा-बायको एकमेकांची तोंडं बघत बसलो.

बारा वर्षांच्या पोरीच्या हातात मॉर्फिन? तिनं दहादा दाबलं तर? झोपेत दाबलं गेलं तर? सवय लागली तर? सासूबाईंनी "अफू देणार का माझ्या नातीला" म्हणून कालपासून घर डोक्यावर घेतलंय. लेक मात्र खूश आहे, "म्हणजे मीच ठरवणार ना?" म्हणते.

कुणाच्या मुलांना लावला होता का? इथे डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी कृपया लिहा. गूगल करून नुसती भीती वाढली.

जुनं_खोड

आमचे टॉन्सिल काढले तेव्हा आइस्क्रीम मिळालं आणि वडिलांचा एक डोळा वटारलेला. कसला पंप न् कसलं बटण. मुलांना थोडं सोसायची सवय असावी. शिवाय मुलं ती! खेळणं समजून दाबत बसतील.

कोथरूडची_आई

काका, टॉन्सिल आणि मानेखालपासून कमरेपर्यंत पाठ उघडणं यात फरक आहे हो.

भुलवणारा_डॉक्टर

ताई, मी मुलांना भूल देतो, तेव्हा लिहितो. तुमच्या डॉक्टरांना घाई असेल, पण हे अर्धा तास बसून समजावण्यासारखंच आहे.

पंप म्हणजे एक कुलूपबंद डबी. आत मॉर्फिनची सिरिंज किंवा पिशवी, तिथून नळी थेट तिच्या हाताच्या शिरेत बसवलेल्या सुईला (इंट्राकॅथला). बाहेर एका वायरीला बटण. पंपात काय भरायचं आणि आकडे काय टाकायचे हे आम्ही ठरवतो, दोन जण ताडून बघतात, मग किल्ली लावतो. तिच्या ताब्यात फक्त "आत्ता हवं" एवढंच सांगणं आहे.

तुमची भीती आकड्यांनी जाईल. एका दाबण्यात जाणारा डोस साधारण दर किलोमागे १० ते २० मायक्रोग्रॅम. ३४ किलोला वरची मर्यादा धरली तरी ६८० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाऊण मिलिग्रॅमसुद्धा नाही. सिस्टर एकदम इंजेक्शन देतात तेव्हा त्याच्या तीन-चार पट औषध एका दमात जातं. पंपाचा डोस मुद्दाम छोटा ठेवलेला असतो. आणि एकदा डोस गेला की पंप ५ ते १० मिनिटं कुलूप लावून बसतो. त्या वेळात तिनं शंभर वेळा दाबलं तरी एक थेंब जात नाही. वर तासाची किंवा चार तासांची कमाल मर्यादा वेगळी.

आता जुनं_खोड काकांच्या खेळण्याबद्दल. दाबलेलं प्रत्येक बटण पंप नोंदवतो, औषध मिळालेलं वेगळं आणि न मिळालेलं वेगळं. सकाळच्या राऊंडला मी आधी तेच बघतो. पोरानं ४० वेळा दाबलं आणि १२ वेळा मिळालं असं दिसलं तर दोनच शक्यता, एक तर डोस कमी पडतोय किंवा पोरगं घाबरलंय. दोन्हीवर काहीतरी करावं लागतं. "खेळतंय" म्हणून सोडून द्यायचं नसतं. २० वेळा दाबून १८ वेळा मिळालं असेल तर गणित जमलंय.

सगळ्यात महत्त्वाचं आता. या पंपाची खरी सुरक्षा कुलपात नाही, झोपेत आहे. मॉर्फिन जरा जास्त झालं की मूल आधी पेंगुळतं. पेंगुळलेलं मूल बटण दाबत नाही. न दाबल्यामुळे औषध जात नाही, पातळी उतरते, मूल जागं होतं. श्वास मंदावण्याची वेळ येण्याआधीच बहुतेक वेळा चक्र आपोआप थांबतं. हे चक्र कुणीतरी शेजारी बसलेल्या माणसानं प्रेमापोटी बटण दाबलं की तुटतं. झोपलेल्या लेकीच्या कपाळावर आठी दिसली, आईनं दाबलं. मग मावशीनं दाबलं. अमेरिकेत अशा घटनांमुळे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ साली खास इशारा काढला होता, की रुग्णाशिवाय दुसऱ्या कुणी बटण दाबू नये.

त्यामुळे लेकीची काळजी करू नका. आजीवर लक्ष ठेवा.

कोथरूडची_आई

डॉक्टर, शेवटची ओळ वाचून नवरा खो खो हसला. पण सासूबाईंना हे सांगणार कोण? 😅

सिस्टर_लीड्स

मी सांगते त्यांना! मूळची सांगलीची, गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये मुलांच्या सर्जिकल वॉर्डात आहे. आमच्याकडे पीसीए रोजचा. डॉक्टरांनी यंत्र सांगितलं, मी खाटेशेजारचं सांगते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलाच्या हातात बटण देऊन दाबायला लावतो. किती जोरात दाबायचं, टुक असा आवाज येतो तो कसा, काही पंपांवर पुढचा डोस तयार झाला की बटण पेटतं ते कसं दिसतं. शुद्धीवर येताना हे पहिल्यांदा शिकवायला गेलात तर काही डोक्यात शिरत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून हे नक्की करून घ्या.

साधारण सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला जमतं. आमची जुनी कसोटी अशी की व्हिडिओ गेम खेळता येत असेल तर हेही येईल. दाबल्यावर बरं वाटतं, पण लगेच नाही, काही मिनिटांनी, एवढी कार्यकारण-जोडी कळली पाहिजे. बारा वर्षांची मुलगी तर आपल्यापेक्षा चांगली वापरते. त्याहून लहानांना, किंवा हाताला प्लास्टर असेल, मतिमंदत्व असेल तर पंप तोच पण बटण नर्सच्या ताब्यात. त्यात कुलपाची वेळ लांब असते, २०-३० मिनिटं, आणि पाठीमागे थोडं औषध सतत चालू ठेवतात.

पहिल्या दिवशी दर तासाला मी काय बघते ते सांगते, म्हणजे तुम्हाला तिथे बसल्यावर कळेल. श्वास मिनिटाला किती, मोजून. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन. हाक मारल्यावर कशी उठते: लगेच, की हलवावं लागतं. उलटीची भावना. आणि दुखणं ० ते १० मध्ये किती. हे सगळं कागदावर उतरतं. यातलं "हाक मारल्यावर कशी उठते" हे मला ऑक्सिजनच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, कारण नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की आकडा बराच वेळ ९८ दाखवत राहतो आणि आत मूल गुंगीत चाललेलं असतं.

नाक खाजवायला लागली की घाबरू नका. मॉर्फिनची खाज बहुतेक वेळा नाकापासूनच सुरू होते. त्यावर औषध असतं. मळमळ होते, त्यावरही असतं. बद्धकोष्ठाचं मात्र कुणी आपणहून बोलत नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पाठीपेक्षा पोटच जास्त दुखायला लागतं. पहिल्यापासून पोट साफ होण्याचं सौम्य औषध चालू आहे का ते विचारा.

आणखी एक: फिजिओथेरपीवाले उठवायला येतात त्याच्या आधी पाच-दहा मिनिटं बटण दाबायचं. ते आल्यावर नाही.

नीरजा८२

+१ शेवटच्या वाक्याला. माझ्या भाच्याला हेच कुणी सांगितलं नव्हतं, बिचारा उठताना ओरडायचा आणि झोपल्यावर दाबायचा.

एक प्रश्न. रात्री मूल झोपलं की दाबणार नाही. मग दुखून जागं झालं तर मागे पडलेलं गाठायला किती वेळ?

भुलवणारा_डॉक्टर

नेमका प्रश्न विचारलात. बटणानं दुखणं आटोक्यात *ठेवता* येतं, वर गेलेलं खाली आणायला ते तोकडं पडतं. म्हणून शुद्धीवर येतानाच आम्ही मोठा डोस देऊन मूल आरामात आणतो, मग बटण हातात देतो. रात्रीसाठी काही जण पंपातून अगदी बारीक धार सतत चालू ठेवतात. झोप चांगली लागते, पण मघाशी म्हटलं ते आपोआप थांबणारं चक्र थोडं ढिलं होतं, कारण धार काही बटणाची वाट बघत नाही. मी ती पहिल्या रात्रीपुरती, आणि रात्री लक्ष ठेवायला पुरेशा सिस्टर असतील तरच ठेवतो. घोरणारं, मोठ्या टॉन्सिलचं किंवा फार लठ्ठ मूल असेल तर ठेवत नाही. यावर भूलतज्ज्ञांत दोन तट आहेत.

आणि मॉर्फिन एकटं कधीच नको. ठरलेल्या वेळेला पॅरासिटामॉल, शक्य तिथे मज्जातंतू बधिर करणारा ब्लॉक किंवा पाठीतला एपिड्युरल. हे जोडीला असलं की बटण कमी दाबावं लागतं. पॅरासिटामॉल "दुखलं तर" नाही, घड्याळाप्रमाणे.

पुस्तकी_किडा

थोडं अवांतर, पण या धाग्यात शोभेल.

रुग्णानं स्वतः वेदनाशामक मागावं आणि छोटा डोस लगेच मिळावा ही कल्पना अमेरिकी भूलतज्ज्ञ फिलिप सेक्झर यांनी १९६८ च्या सुमारास मांडली. सुरुवातीला यंत्र नव्हतंच, रुग्णानं बटण दाबलं की शेजारची नर्स शिरेतून देई. बाजारात आलेलं पहिलं यंत्र १९७६ चं, वेल्समधलं 'कार्डिफ पॅलिएटर'. मुलांपर्यंत यायला मात्र आणखी दशक लागलं. बोस्टनच्या चार्ल्स बर्डी यांच्या गटानं १९९१ मध्ये ७ ते १९ वर्षांच्या मुलांवर मोठ्या हाडांच्या ऑपरेशननंतर अभ्यास छापला, स्नायूत मॉर्फिनची सुई विरुद्ध पीसीए. पीसीएवाली मुलं जास्त आरामात होती.

एवढा उशीर का? कारण तोवर तान्ह्या बाळांना दुखतं की नाही यावरच वाद होता! अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं कितीतरी ठिकाणी नुसतं नायट्रस ऑक्साइड (सौम्य भूल देणारा वायू) आणि हालचाल थांबवणारं औषध देऊन व्हायची. ते बदलण्यात मोठा वाटा आपल्याकडच्या माणसाचा आहे. इंदूरला एमबीबीएस झालेले डॉ. कन्वलजीत सिंग आनंद ऑक्सफर्डला गेले. ऑपरेशनहून परत येणारी बाळं एवढी पांढरीफटक, खचलेली का असतात, असा त्यांना प्रश्न पडला. १९८७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवलं की फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाची जोड दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडतो आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी होते.

जुनं_खोड

हे माहीत नव्हतं. भयंकर आहे. तरी माझा मुद्दा राहतोच: सवयीचं काय?

भुलवणारा_डॉक्टर

काका, दोन गोष्टी वेगळ्या. आठवडाभराहून जास्त मॉर्फिन चाललं तर शरीर त्याला सरावतं, म्हणून आम्ही एकदम बंद न करता पायरीपायरीनं कमी करतो. व्यसन म्हणजे दुखत नसताना, नुकसान होतंय हे कळत असताना मन त्याच्यामागे धावणं. दोन-तीन दिवस ऑपरेशनच्या दुखण्यासाठी मोजून दिलेल्या औषधानं ते होण्याचा धोका अगदी कमी. उलट माझा अनुभव असा की मुलं स्वतःच बटण बाजूला ठेवतात. तिसऱ्या दिवशी विचारलं तर "ते? नको आता, त्यानं झोप येते, मॅच बघता येत नाही."

कोडीनची गोष्ट वेगळी, ते लोकांना मॉर्फिनपेक्षा सौम्य वाटतं म्हणून सांगतो. यकृत कोडीनचं मॉर्फिन बनवतं आणि काही मुलांत ते फार झपाट्यानं बनवतं. टॉन्सिल काढल्यावर कोडीन दिलेली काही मुलं श्वास मंदावून दगावली. अमेरिकेत २०१३ मध्ये त्यावर कडक इशारा आला, २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन बंदच केलं. डोस माहीत असलेलं मॉर्फिन, शेजारी मोजणारी सिस्टर आणि कपाटात उतारा म्हणून नॅलॉक्सोन, हे मला केव्हाही जास्त सुरक्षित वाटतं.

आडवाट

सासूबाईंना सांगा, अफूच आहे, आणि सरकारी आहे. मंदसौर-नीमचकडे परवान्यानं पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात जाते. माझे मामा नीमचला नोकरीला होते, तिथली शिस्त बँकेच्या तिजोरीला लाजवेल अशी.

वऱ्हाडची_माय

सगळं वाचून राहिले. आमची गोष्ट ऑपरेशनची नाही, पण दुखण्याचीच आहे म्हणून लिहिते.

माझा पोरगा दहा वर्षांचा, सिकलसेल एसएस (रक्ताचा आनुवंशिक आजार). आम्ही चंद्रपूरकडचे. त्याला क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, आला की हातपाय, कंबर, छाती, कुठंही धरते. बाहेरून काहीच दिसत नाही, ना सूज ना जखम. हिवाळ्यात जास्त. एकदा रात्री एका दवाखान्यात नेलं, तो मोबाइलवर कार्टून बघत होता. ड्युटीवरचे म्हणाले, एवढं दुखते तर कार्टून कसा बघते? नाटक करते. पॅरासिटामॉलची गोळी दिली न् बसवून ठेवलं. बाप्पा, मोबाइल मीच दिला होता, त्याचं मन तिकडं लागावं म्हणून.

आता तर तो मला पण सांगत नाही. विचारलं तर "नाही दुखत" म्हणते. कारण दुखते म्हटलं की ढुंगणात सुई. मग रात्री पाय पोटाशी घेऊन पडून राहते.

त्याला असा पंप मिळू शकते का कुठं?

सिस्टर_लीड्स

ताई, वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. "नाही दुखत" हे मी पाठ्यपुस्तकात आधी वाचलं आणि नंतर प्रत्यक्ष पाहिलं. स्नायूत सुई द्यायची पद्धत होती तेव्हा मुलं सुईला घाबरून दुखणं लपवायची, आणि नोंदीत "रुग्ण आरामात" असं लिहिलं जायचं.

कार्टूनबद्दल: जुन्या दुखण्याची मुलं खेळतात, हसतात, झोपतातसुद्धा. ते दुखणं नसल्याची खूण नाही. मूल सांगतं तो आकडा धरायचा. अगदी लहान किंवा न बोलणाऱ्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होतंय का यावरून गुण देतात, पण बोलणाऱ्या मुलाला आधी विचारायचं.

इंग्लंडमध्ये सिकलसेलच्या क्रायसिसला २०१२ पासूनची राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. दवाखान्यात आल्यापासून ३० मिनिटांच्या आत वेदनाशामक, मग आराम पडेपर्यंत दर अर्ध्या तासानं पुन्हा विचारणं. दोन तासांत पुन्हा पुन्हा डोस लागले तर पीसीएचा विचार. पेथिडिन (मॉर्फिनच्याच जातीचं दुसरं वेदनाशामक) द्यायचं नाही, हेही स्पष्ट लिहिलंय. आमच्या वॉर्डात पीसीए लावलेल्यांत ऑपरेशनवाल्यांइतकीच सिकलसेलची मुलं असतात. आणि ती बटण इतक्या हिशेबानं वापरतात की नवीन डॉक्टरांना शिकवावं. आपल्या दुखण्याची लाट कधी चढते ते त्यांना आपल्याआधी कळतं.

भुलवणारा_डॉक्टर

पंपाबद्दल खोटी आशा दाखवत नाही. पंप मोठ्या रुग्णालयांत आहेत, जिल्ह्याच्या गावी क्वचित, आणि तासाला येऊन श्वास मोजणारी सिस्टर नसेल तर पंप असूनही मी लावणार नाही. पण पंप नसला म्हणजे काहीच नाही असं नव्हे. ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल, तोंडातून मॉर्फिन, भरपूर द्रव, ऊब. तोंडातून घेतलं की सुईची भीती गेली, आणि मूल खरं सांगायला लागतं.

मॉर्फिन मिळत नाही याचं मोठं कारण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. परवान्यांचं जंजाळ आणि कडक शिक्षा, त्यामुळे औषधाच्या दुकानांनी आणि दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी मोजकी औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि रुग्णालयानं राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता घेतली की पुरतं. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासनाकडे येतं. तरी कितीतरी दवाखान्यांना हे माहीत नाही, किंवा वहीत हिशेब ठेवायचा कंटाळा. तुमच्या जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पॅलिएटिव्ह केअरचा (गंभीर आजारातलं दुखणं सुसह्य करणारा) विभाग आहे का विचारा. कर्करोगासाठी असतो म्हणून लोक जात नाहीत, पण मॉर्फिन बहुतेक तिथंच असतं.

हायड्रॉक्सियुरिया चालू आहे ना? क्रायसिसची संख्या त्यानंच कमी होते.

वऱ्हाडची_माय

चालू आहे सर. सिकलसेलचं कार्ड पण आहे, ते सरकारचं सिकलसेल मिशन निघालं तेव्हापासून.

कोथरूडची_आई

माय, तुमचं वाचून माझे प्रश्न फारच छोटे वाटले.

आमच्याकडची खबर: भूलतज्ज्ञांना फोन केला. रात्री किती पेशंटमागे एक सिस्टर, नॅलॉक्सोन खाटेजवळ असतं का, मॉर्फिनच्या नळीला उलट न जाऊ देणारी झडप आहे का, हे सगळं विचारलं. (झडपेचं सिस्टरताईंनी व्यक्तिगत निरोप पाठवून सुचवलं. दुसरं सलाईन त्याच सुईला जोडलेलं असेल आणि सुई बंद पडली तर औषध सलाईनच्या नळीत साठतं आणि मग एकदम जातं म्हणे.) त्या आधी जरा चमकल्या, मग अर्धा तास बोलल्या. पहिली रात्र आयसीयूत, बटण लेकीच्या मनगटाला बांधणार, आदल्या दिवशी सराव. सासूबाईंना मी हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. नीमचच्या तिजोरीवर त्या खूश झाल्या. बटणाला हात लावणार नाही म्हणाल्या, "पण तिला दाब म्हणून सांगायला तर चालेल ना?"

सिस्टर_लीड्स

जागी असेल आणि "दुखतंय" म्हणत असेल तर आजींनी जरूर आठवण करावी. झोपली असेल तर आजींनीही झोपावं.

नीरजा८२

वऱ्हाडची माय, एक सुचवू? पुढच्या तपासणीला नेहमीच्या डॉक्टरांकडून एक पत्र घेऊन ठेवा.

भुलवणारा_डॉक्टर

उत्तम सूचना. पत्रात निदान, वजन, नेहमीचं हिमोग्लोबिन, कोणत्या औषधानं आराम पडतो आणि किती डोस, आल्यावर अर्ध्या तासात द्यावं, पेथिडिन नको, एवढं असावं. "हे मूल हसत-खेळत असलं तरी त्यानं सांगितलेला आकडा खरा मानावा" हेही लिहून घ्या. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर लगेच भरती करावं ही ओळ वेगळी, मोठ्या अक्षरात.

वऱ्हाडची_माय

मराठीत लिहिलं तर चालते का? आमच्याकडचे सिस्टर मराठीच वाचतात लवकर.

भुलवणारा_डॉक्टर

औषधांची नावं आणि डोस इंग्रजीत, बाकी मराठीत. खाली सही-शिक्का हवाच, नाहीतर रात्रपाळीवाले मानत नाहीत. एक प्रत शाळेत द्या, फोटो फोनमध्ये ठेवा, आणि वजन वाढलं की डोस बदलून घ्या, दर सहा महिन्यांनी तरी.